सकाळचे अण्णा, संध्याकाळची अंजू

…हत्तीच्या सोंडेत तीन फुगे होते, लाल, पिवळा आणि निळा, आणि निळ्या फुग्याच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं — समय. पुढे टिंबांची एक ओळ. वाढदिवसाच्या आमंत्रणाची बारा कार्डं, बारा हत्ती, आणि बाराही हत्ती वसुधाकडे असे बघत होते की जणू तिचंच अडलंय. नाव भरून झालं होतं. तारीख झाली होती — इतवार. पत्ता झाला होता, जबलपुरातलं गढा, पाण्याच्या टाकीमागे. नवऱ्याने, श्रीरंगने, काल फॅक्टरीतून येताना पाकीट आणून हातात दिलं होतं, ‘आज भरून टाक, आजच वाटून टाक,’ आणि आज पहाटे शिफ्टला जाताना फाटकातून परत तेच ओरडला होता. जसं काही लिहायला वेळ लागतो! लिहायला कुठे वेळ लागतो, बाई… चहा उकळेपर्यंत सगळं लिहून झालं होतं, आणि वेळेपाशी येऊन घोडं पेंड खात होतं.

गोष्ट म्हटली तर अगदी साधी होती. इतवारी अंजू तीन वर्षांची होणार होती, आणि अंजू ही संध्याकाळची पोर होती. सकाळची अंजू म्हणजे निव्वळ आंबट ताक. उठली की दोन-दोन तास कुणाच्या हाताला लागायची नाही, दुधाचा पेला ढकलायची, केसांना फणी लावू द्यायची नाही, आणि एखाद्याने प्रेमाने ‘बेटा, नाम क्या है?’ म्हटलं तर असं भोकाड पसरायची की विचारणाराच ओशाळायचा. साडेबाराला झोपायची, चारला उठायची, आणि मग मात्र… मग ती सगळ्यांची असायची, गाणी म्हणायची, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायची, शेजारच्या कुत्र्यालासुद्धा ‘आओ जी, बैठो जी’ म्हणायची. तिला बघावं तर तेव्हा बघावं. आणि अण्णा होते सकाळचे.

अण्णा म्हणजे सासरे. बहात्तर वर्षांचे, सकाळी पाचला उठून स्वतःची दाढी स्वतः करणारे, तुळशीला पाणी घालून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या निविदांपर्यंत वाचणारे, ‘वसुधा, आज वरणात हिंग जास्त पडून राहिला,’ असं वासावरून सांगणारे. दुपारच्या जेवणापर्यंत त्यांना काही म्हणता काही झालेलं नसायचं. चार वाजले की मात्र काहीतरी सुटायला लागायचं. चौतीस वर्षं अण्णा फॅक्टरीत मिस्त्री होते. फॅक्टरी शहराच्या त्या टोकाला, गढ्यात तिचा भोंगा ऐकू येणं शक्यच नाही, अण्णांना यायचा. ऊन भिंतीवरून उतरलं की ते उठायचे, बुशशर्टाची बटणं लावायचे आणि म्हणायचे, ‘टिफिन लगा दो, देर हो रही है.’ हिंदीत! सकाळी घरातलं मराठी आणि संध्याकाळी फॅक्टरीतली हिंदी, आणि त्या हिंदीत श्रीरंग कुणीतरी भैया व्हायचा आणि ती स्वतः… ती बहनजी व्हायची. ‘उमर का असर है,’ डॉक्टर म्हणाले. आणखी काय म्हणणार?

तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण मागच्या महिन्यात ती मागच्या अंगणात कपडे काढत होती, आणि अण्णांनी अंजूला हाताला धरून रस्त्यावर नेलं. किसी की बच्ची खो गई है, तिला चौकीत पोचवायची म्हणून. चौकातल्या पानाच्या टपरीवरच्या तुळशीरामने दोघांना बघितलं आणि टपरी उघडी टाकून परत आणलं. ‘दीदी, घबराइए मत. दादाजी तो बहुत सँभाल के ले जा रहे थे, सड़क पार करने में हाथ कस के पकड़े थे.’ अंजूच्या गालाला रेवडीचे तीळ चिकटले होते, आणि ती मजेत होती.  तेव्हापासून चार वाजले की फाटकाला कुलूप, आणि तिचा जीव टांगणीला.

म्हणून तर गेला आठवडाभर तिने काय काय करून पाहिलं नव्हतं! दोघांना एका वेळेवर आणायचं, बस. सहा वाजता अंजूला उठवायचं, म्हणजे अकरापर्यंत तिचा आंबटपणा उतरेल… तर ती दहा वाजताच मटारच्या शेंगांच्या टोपलीत डोकं ठेवून झोपून गेली. मग उलटं. अण्णांना दुपारी झोपू द्यायचं नाही, साडेतीनला आल्याचा कडक चहा, हाताशी काहीतरी काम. चहाने वीस मिनिटं मिळाली. पहिल्या दिवशी वीस, दुसऱ्या दिवशी पंधरा. एक उगवतो तेव्हा दुसरी रुसलेली, आणि ती हसायला लागली की हा निघाला ड्यूटीवर… आणि मी मध्ये उभी, घड्याळाकडे बघत, वेड्यासारखी!

व्हरांड्यात थंडीचं ऊन छान पसरलं होतं. अण्णा पाट घेऊन मटार सोलायला बसले होते. आत अंजू झोपेतून उठण्याआधीची कुरकुर करत होती.

‘मघापासून काय लिहून राहिली तू?’ अण्णांनी मान वर न करता विचारलं.

‘वेळ लिहायची आहे, अण्णा. अंजूच्या वाढदिवसाची.’

‘मग लिही ना. सहा वाजता. अजून कधी बोलवतेत लोकांले?’

‘मी म्हणत होते, सकाळी अकराला ठेवू.’

‘काहून?’

तिने टोपली जवळ ओढली. एक शेंग उचलली, उगाच. अण्णांच्या अंगठ्याखाली टचकन शेंग उकलली, दाणे भांड्यात पडले, आणि मग त्यांनी वर बघितलं, अगदी स्वच्छ, सकाळच्या डोळ्यांनी.

‘माझ्यासाठी म्हणून राहिली न तू? नको. सांजेलेच ठेव. पोरीची वेळ आहे ते. मले आतल्या खोलीत बसव अन् बाहेरून कडी लावून घे. मी काही म्हणत नाही.’ मग थोडं थांबून, स्वतःशीच हसल्यासारखं — ‘म्हणजे आत्ता म्हणत नाही. तेव्हा जो असते, तो काय म्हणेल, हे मले नाही सांगता येत, बाप्पा.’

अशा माणसावर काय रागवायचं? तिला राग आला होता, खरं तर फार आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अण्णा पुन्हा सोलायला लागले होते. ‘औक्षण मी सकाळीच करून घेईन,’ ते म्हणाले. ‘ताम्हण घासून ठेवशील.’

औक्षण अण्णाच करायचे. या घरातली ही रीत आख्ख्या जबलपूरच्या मराठी माणसांत दुसरीकडे नसेल. सत्यवती, म्हणजे सासूबाई, गेल्या तेव्हा श्रीरंग चार वर्षांचा होता आणि त्याची मोठी बहीण ज्योतीताई नऊच्या. वाढदिवस आला, तेव्हा क्वार्टरमधल्या बायका म्हणाल्या, आम्ही येऊन ओवाळून जाऊ. अण्णा म्हणाले, तिची पोरं आहेत, तिचं काम मी करीन. आणि तो ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांचा माणूस पदर नसलेल्या खांद्यावर पंचा टाकून निरांजन घेऊन उभा राहिला. लोक हसले असतील, हसोत मेले. कुंकू, अक्षता, अंगठी आणि सुपारी ओवाळायची, मग निरांजन… एकदाही क्रम चुकला नाही, ज्योतीताई सांगायच्या. तेच हात पुढे अंजूच्या पहिल्या वाढदिवसाला, दुसऱ्या वाढदिवसाला.

आणि त्याच्याही आधी — वसुधाच्या.

मझौलीत, तिच्या माहेरी, वाढदिवस कुणाचाच करत नसत. पोरीचा तर कोण कशाला करेल! वडील ती अकरा वर्षांची असताना गेले, आई शेतावर, आणि ती कोणत्या तारखेची हे फक्त शाळेच्या दाखल्याला माहीत, तेही मास्तरांनी मनाने लिहिलेलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी अण्णांनी विचारलं, ‘तुझा वाढदिवस कधी येते?’ ती म्हणाली, माहीत नाही. अण्णांना ते काही केल्या पटेना. ते बसने मझौलीला गेले, खास तेवढ्यासाठी! आणि तिच्या आईला विचारून आले. आई म्हणाली, रामनवमीच्या पाच-सहा दिवस आधी, गहू काढणं चाललं होतं, एवढं आठवते. परत येऊन अण्णांनी पंचांगावर बोट ठेवलं, एक दिवस धरला, आणि म्हणाले, हा तुझा. त्या दिवशी सकाळी साडेसहाला, सगळं घर आवरायच्या आत, त्यांनी तिला पाटावर बसवलं. बावीस वर्षांच्या सुनेला! ती लाजेने इतकी खाली वाकली होती की कुंकू भांगात लागलं. ‘मान वर कर,’ अण्णा म्हणाले, ‘आज तुझा दिवस आहे, वसुधा.’ नाव घेऊन… असं नाव घेऊन की तोवर तिला आपल्याला नाव आहे हे ठाऊकच नसावं.

फोन वाजला, आणि आत अंजूने भोकाड पसरलं, दोन्ही एकदम. फोन दीक्षितपुऱ्याहून होता, ज्योतीताईंचा. कमरेवर रडणारी अंजू, कानाशी फोन, अकराचं आणि अण्णांच्या औक्षणाचं सांगून होतं तोच नणंदेचा उत्साह.

‘अगं, मग झालं तर! चलो, सकाळी घरच्या घरी औक्षण, अन् संध्याकाळी सहाला केक. इतवारी सकाळी कोण येते तुझ्याकडे? पोट्टे टीव्हीसमोरून हलत नाहीत, बाया डोक्यावरून न्हात असतात. मी येताना खोव्याची जलेबी घेऊन येते.’

‘आणि अण्णा?’ वसुधाने विचारलं.

तिकडचा उत्साह जरा ओसरला.

‘त्यांना आत बसव ना गं. मी बसते त्यांच्यापाशी. मले केक नाही भेटला तरी चालते.’ आणि मग, आवाज उतरवून, ‘चार लोकांसमोर त्यांनी मले आप कौन म्हटलं न, तर मी तिथेच रडीन, वसुधा. मले नाही होत ते.’

तिला वाटलं होतं, ताईंना दोन शब्द सुनवावेत… माणूस आहे का घरातलं जुनं कपाट, पाहुणे आले की आत ढकलायला? पण ताईंचं नाक वाजलं, आणि वसुधाने ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. सगळेच किती शहाणे होते! अण्णा शहाणे, ताई शहाण्या, श्रीरंगला विचारलं तर तोही मान हलवून हेच म्हणणार. सकाळी औक्षण, संध्याकाळी केक, एक कडी. इतकं सोपं असताना आपणच काय म्हणून अकराला धरून बसलोय? अंजूसाठी? अंजू अकरा वाजता बारा लोकांसमोर लोळण घेईल. अण्णांसाठी? ते तर स्वतःच नको म्हणाले. मग कुणासाठी? हा प्रश्न तिने जेवण वाढेपर्यंत, भांडी आवरेपर्यंत बाजूला ठेवला, आणि दुपारी अंजूला थोपटताना बारापैकी एका कार्डावर पेन्सिलीने, अगदी हलकेच, अकरा लिहिलं. लिहिलं आणि तिलाच ते खोटं वाटलं.

साडेतीनचा चहा आज तिने दिलाच नाही. विसरली म्हणा, की थकली म्हणा. समोस्यांची कणीक एकदा मळून बघायची म्हणून परातीत दोन्ही हात घालून ती स्वयंपाकघरात बसली, फाटकाला कुलूप आहे ना एवढं बघून. अंजू उठली, आईच्या पाठीवर लोंबकळली, चार गाणी म्हणून झाली आणि बाहेर पळाली. ऊन भिंतीवरून उतरत होतं. बाहेरून बटणं लावत असलेल्या माणसाचं ते ओळखीचं खाकरणं आलं. आता ते टिफिन मागणार. आता ती जाऊन रोजचं म्हणणार, अण्णा, तुम्ही रिटायर झालात, हे घर आहे, मी वसुधा, ही अंजू, तुमची नात. आणि मग त्यांचा चेहरा… चूक पकडलेल्या पोरासारखा व्हायचा तो चेहरा, आणि तरीही तिला न ओळखणारा. रोज ती सांगायची. रोज ते घाबरायचे. तिला उठायला हवं होतं, पण हातांना कणीक होती.

‘कौन है भई?’ व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. ‘किसकी बच्ची है?’

‘मैं अंजू.’

‘अंजू! अच्छा, अच्छा. मैं तो ड्यूटी जा रहा हूँ.’

‘मैं भी ड्यूटी.’

‘चलो फिर. टिफिन कहाँ है?’

दुडदुड पावलं स्वयंपाकघरात आली, फडताळातला रिकामा डबा उचलला, आईकडे बघितलंसुद्धा नाही, आणि दुडदुड परत गेली. रोजची सवय असल्यासारखी. वसुधा कणकेच्या हातांनी दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

फाटकाला कुलूप होतं, पण त्या दोघांना बाहेर जायचंच नव्हतं. फॅक्टरी फाटकापाशीच होती. अण्णा उकिडवे बसले होते आणि बिजागरीच्या बोल्टवर अंजूचा हात ठेवून, त्यावर आपला हात ठेवून, तो फिरवत होते. ‘कस के… बस. ज़्यादा नहीं, नहीं तो चूड़ी मर जाएगी. हाथ को समझना चाहिए कहाँ रुकना है.’ बोल्टचे आटे झिजायला नकोत म्हणून अंजू जीभ बाहेर काढून, जपून, तो कसत होती. मध्येच तिने विचारलं, ‘हो गया?’ आणि अण्णा हसले, मोठ्याने, मान मागे टाकून, असे हसले की वसुधाला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी आलंय. हे हसणं तिने या घरात कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस तिच्या लग्नाच्या आधीचा होता. कदाचित सत्यवतीबाई असतानाचा… पस्तिशीतला, आपल्या हातावर खूश असलेला, संध्याकाळच्या पाळीला मजेत निघालेला. त्याला ती रोज चार वाजता सांगत होती की तू नाहीस.

अंजूला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो नाव विचारायचा, ती सांगायची. उद्या पुन्हा विचारेल, पुन्हा सांगेल, तिच्याकडे नाव भरपूर होतं. रेवडी खात त्याच्याबरोबर चौकीला निघाली होती तेव्हाही ती हरवलेली नव्हती. हरवते मी. कडी त्यांच्या खोलीला लावायची नसते, बाई, ती माझ्याच भीतीला… वसुधाने डोळे मिटून घेतले. सकाळ कुणाला हवी होती ते आता टाळता येत नव्हतं. ज्योतीताई सरळ बोलून मोकळ्या झाल्या होत्या, आणि आपण त्यांच्यावर मनातल्या मनात रागावून, अण्णांची कैवारी होऊन, तेच लपवत होतो. सकाळचे अण्णा तिला नावाने हाक मारायचे. तिला नाव घेऊन हाक मारणारं, तिचा दिवस शोधायला बसने मझौलीला गेलेलं माणूस रोज चार वाजता तिला टाकून जायचं, आणि निदान पोरीच्या वाढदिवशी तरी त्याने जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. बाकी अंजूची झोप, लोकांची सोय, चहाची वीस मिनिटं… सगळी नुसती निमित्तं. किती हावरट आहे मी, तिला वाटलं, आणि त्याबरोबर डोळे भरून आले, पण वाईट नाही वाटलं.

ती पायरी उतरून अंगणात आली. अण्णांनी वर बघितलं, आणि एखाद्या परक्या बाईसमोर उठावं तसे अदबीने, गुडघ्यावर हात टेकून उठले.

‘बहनजी, बच्ची आपकी है?’

ओठांवर रोजचं वाक्य आलं होतं, अण्णा, मी वसुधा… आणि तिने ते गिळलं. बोल्टपाशी अंजू दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

‘हाँ,’ ती म्हणाली. ‘मेरी है.’

‘बड़ी होशियार है. हाथ में काम है इसके. कितने साल की है?’

‘इतवार को तीन की होगी.’ आणि मग, हे आपण काय बोलतोय ते कळायच्या आत, ‘मिस्त्रीजी, घर पर छोटा-सा प्रोग्राम है. आप आएँगे?’

अण्णांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, कितीतरी दिवसांत संध्याकाळी त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, कुठे बोलावलं नव्हतं. त्यांनी बुशशर्ट खाली ओढून नीट केला. ‘अरे, ज़रूर. क्यों नहीं आएँगे! बस शिफ़्ट देखनी पड़ेगी.’ आणि तिच्याकडे सरळ बघत, ‘कितने बजे रखा है?’

तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही तिने आवरलं नाही. बाहेर कुणी मुलं सायकलची घंटी वाजवत गेली. कणीक बोटांवर वाळत चालली होती.

‘अभी तय नहीं किया,’ ती म्हणाली. ‘आप बताइए. आपको कब ठीक पड़ेगा?’

अण्णा गंभीर झाले. अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून ते पाळ्या मोजू लागले, सोम, मंगळ, पहिली, दुसरी, मध्येच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि अंजूही त्यांच्याकडे बघून आपली इवली बोटं मोजायला लागली. वसुधा तिथेच उभी राहिली. काही सांगायचं नव्हतं, काही सुधारायचं नव्हतं. ते म्हणतील ते ऐकायला ती थांबली होती.